लघुउद्योगाचे ई-वार्तापत्र : सदस्यसंख्या वाढते कशी?

लहान व्यावसायिक आपल्या ग्राहकांना ठरावीक दिवशी ई-मेलने जे माहितीपत्र पाठवतो, त्याला ई-वार्तापत्र असे म्हटले जाते. शंभर जणांना असे पत्र पाठवण्याचा खर्च आणि हजार जणांना पाठवण्याचा खर्च यांत आता फारसा फरक राहिलेला नाही. त्यामुळे मिळेल तेथून पत्ते गोळा करून यादी फुगवण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र यादीतील नाव आणि पत्राची वाट पाहणारा वाचक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-मेलचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी छापील नियतकालिकांना हा फरक मोठी किंमत देऊन कळला होता.

या इतिहासातील दोन प्रकरणे मराठी भाषकांशी निगडित आहेत. पहिले छत्तीसगडमधील पेंड्रा येथील १९०० सालचे, तर दुसरे महाराष्ट्रातील किर्लोस्करवाडीचे, १९२० सालचे. पहिले मासिक तीन वर्षांत बंद पडले. दुसरे एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू झाले आणि पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक ठरले. भिलाईतील रुआबांधा भागात आज कोणी शिकवणी वर्गासाठी, घरगुती फराळाच्या व्यवसायासाठी किंवा यंत्रदुरुस्तीच्या वर्कशॉपसाठी वार्तापत्र काढू पाहत असेल, तर या दोन्ही अनुभवांतून त्याला घेण्यासारखे बरेच आहे.

रुआबांधा आणि भिलाईची बाजारपेठ

रुआबांधा हा दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहराचा एक निवासी भाग आहे. भिलाईची वाढ पोलाद कारखान्याभोवती झाली. हा कारखाना उभारण्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यात काम करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. हिंदी आणि छत्तीसगढीबरोबरच मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, ओडिया अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे या शहरात शेजारी राहू लागली.

मराठी भाषकांना हा प्रदेश परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत दुर्ग आणि रायपूर हे जिल्हे ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर आणि दुर्ग आजही थेट जोडलेले आहेत.

अशा शहरातील लहान व्यावसायिकापुढे एक खास अडचण असते. ज्या वसाहतीतील बरीचशी घरे नोकरीशी बांधलेली असतात, तेथील रहिवासी बदलत राहतात. बदली होते, निवृत्ती येते, मुले शिकायला पुण्या-बंगळुरूला जातात. दुकानाच्या वहीतील घराचा पत्ता अशा वेळी निरुपयोगी ठरतो. ई-मेलचा पत्ता मात्र माणसाबरोबर प्रवास करतो. भिलाई सोडून गेलेले कुटुंब दिवाळीच्या फराळासाठी जुन्याच घरगुती व्यवसायाकडे मागणी नोंदवू शकते, ते याच कारणामुळे. वार्तापत्राचा उपयोग येथे केवळ जाहिरातीपुरता राहत नाही. विखुरत जाणाऱ्या ग्राहकवर्गाशी संबंध टिकवण्याचे ते एक साधन ठरते.

पेंड्रा, १९०० : वाचकांअभावी बंद पडलेले मासिक

छत्तीसगडमधील पत्रकारितेचा आरंभ ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकापासून मानला जातो. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ते सुरू झाले. पेंड्रा त्या काळी बिलासपूर जिल्ह्यात होते. २०२० साली स्थापन झालेल्या गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यात ते आता मोडते.

मासिकाचे संपादक माधवराव सप्रे हे मराठी कुटुंबातील होते. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. पेंड्राच्या राजकुमारांचे शिक्षक म्हणून ते काम करत होते. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते, तर वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाची जबाबदारी घेतली होती. म्हणजेच हिंदीतील या मासिकामागील तिन्ही प्रमुख व्यक्ती मराठी भाषक होत्या.

पेंड्रा येथे छापखान्याची सोय नव्हती. अंक आधी रायपूर येथे आणि नंतर नागपूर येथे छापून घेतला जात असे. मासिकाचा दर्जा उत्तम होता. ग्रंथसमीक्षेसाठी ते नावाजले गेले. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये जिची गणना होते, ती सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली याच मासिकात प्रसिद्ध झाली. तरीही डिसेंबर १९०२ नंतर मासिक चालू राहू शकले नाही. आर्थिक तोटा हे त्याचे कारण होते.

यामागील परिस्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. पेंड्रासारख्या आडबाजूच्या गावातून निघणाऱ्या मासिकाला आसपास वाचकवर्ग मिळणे कठीण होते. दूरवरचे वाचक टपालानेच गाठावे लागत. छपाई एका गावी, संपादन दुसऱ्या गावी आणि वाचक सर्वत्र पांगलेले, अशी स्थिती होती. संपादकांकडे विद्वत्ता होती, ध्येयही होते. मात्र ज्यांच्याशी आधीपासून देवघेव आहे, असा ठरावीक लोकसमूह त्यांच्या पाठीशी नव्हता. प्रत्येक वर्गणीदार नव्याने शोधावा लागत होता.

मासिक बंद पडल्याने सप्रे यांचे कार्य थांबले नाही. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी नागपूर येथून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. मात्र छत्तीसगडमधील पहिल्या मासिकाचे आयुष्य तीनच वर्षांचे ठरले. मजकूर चांगला असला की वाचक आपोआप येतात, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो.

किर्लोस्करवाडी, १९२० : कारखान्याच्या खबरीपासून मासिकापर्यंत

दुसरे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात, संस्थानिकांनी देऊ केलेल्या जागेवर, किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत वसवली. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक अशी शेतीची अवजारे तेथे तयार होऊ लागली. लोखंडाच्या फाळाने जमीन बिघडते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगर विकण्यापूर्वी नांगराविषयीचा विश्वास निर्माण करणे भाग होते.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच पुढे ‘शंवाकि’ या नावाने ओळखले गेलेले संपादक, हे मुळात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. कारखान्याच्या विक्रीचे आणि जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. नावावरूनच त्याचा हेतू स्पष्ट होतो. कारखान्याशी संबंधित माणसांना कारखान्याची खबरबात कळवणे, हे त्याचे पहिले काम होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एका उद्योगाचे वार्तापत्र होते.

हे वार्तापत्र केवळ यंत्रांच्या किमती आणि गुणवर्णन यांत अडकून पडले नाही. उद्योगधंदा, स्वावलंबन, आरोग्य, सामाजिक सुधारणा अशा विषयांना त्यात जागा मिळत गेली. नांगर विकत घेण्याचा ज्याचा विचारही नव्हता, असा वाचकही ते मागवू लागला. १९२९ साली नावातील ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि मासिक ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. विनायक दामोदर सावरकर यांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’ मासिकातून प्रसिद्ध झाले आणि त्यांवर मोठी चर्चा झाली.

परदेशांतही असे प्रयोग झाले होते. अमेरिकेतील जॉन डीअर या शेती अवजारांच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी प्रवासाची मार्गदर्शिका काढली. या सर्व प्रकाशनांचे सूत्र एकच होते. वस्तू विकणाऱ्याने वस्तूपलीकडची उपयुक्त माहिती दिली, तर ग्राहक तिची वाट पाहतो.

दोन अनुभवांतील फरक

पेंड्रा आणि किर्लोस्करवाडी यांची तुलना करताना काळाचे आणि साधनांचे अंतर विसरता येणार नाही. एकामागे ध्येयवादी शिक्षक होते, तर दुसऱ्यामागे चालता कारखाना. तरीही सदस्यवाढीच्या दृष्टीने दोन मुद्दे स्पष्टपणे पुढे येतात.

पहिला मुद्दा आरंभीच्या वाचकांचा. किर्लोस्करवाडीच्या वार्तापत्राला पहिला वाचक शोधावा लागला नाही. तो कामगार, विक्रेता किंवा ग्राहक या नात्याने आधीच कारखान्याशी जोडलेला होता. दुसरा मुद्दा वाढीच्या दिशेचा. या ओळखीच्या वर्तुळातून बाहेर पडण्यासाठी वार्तापत्राने आपला विषय वाढवला. आधी नाते आणि नंतर विस्तार, असा हा क्रम होता. नात्याविना विस्तार करू पाहणाऱ्याला तोटा सोसावा लागतो.

मराठी मासिकांच्या जगात ‘व्ही. पी. परत आली’ हा शब्दप्रयोग एकेकाळी सर्वपरिचित होता. वर्गणी संपल्यावर पुढील अंक व्ही. पी. टपालाने पाठवला जाई. पोस्टमनकडे पैसे भरून वाचकाने तो सोडवून घ्यावा, अशी अपेक्षा असे. वाचकाने नकार दिल्यास अंक परत येई आणि टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर पडे. वाचकाला आता अंक नको आहे, ही बातमी प्रकाशकाला अशी रोख किंमत मोजून मिळत असे. ई-मेलमध्ये हा खर्च दिसत नाही, म्हणून नको असलेले पत्र पाठवत राहण्याची सवय लागते. किंमत येथेही मोजावी लागते, परंतु ती वेगळ्या मार्गाने.

न विचारता पाठवलेले पत्र

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी अर्पानेट या संगणकजाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी पाठवले. ही पहिली अनाहूत व्यापारी ई-मेल मानली जाते. त्यावर तीव्र तक्रारी आल्या. त्यानंतरच्या काळात अशा पत्रांचे प्रमाण एवढे वाढले की, ती अडवणारी गाळणी प्रत्येक ई-मेल सेवेचा भाग बनली.

या पार्श्वभूमीवर अमेरिकी लेखक सेथ गोडिन यांनी १९९९ साली ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकातून परवानगीवर आधारलेल्या विक्रीची कल्पना मांडली. ग्राहकाने स्वतःहून संमती दिली असेल तरच त्याला पत्र पाठवावे आणि ती संमती हीच व्यावसायिकाची मिळकत समजावी, असा तिचा आशय आहे. अमेरिकेत २००३ साली या संदर्भातील कायदा संमत झाला आणि युरोपीय संघात २०१८ साली नियम कडक झाले.

पत्त्यांच्या तयार याद्या विकत घेणे हा म्हणूनच सर्वांत महागडा मार्ग ठरतो. त्या यादीतील व्यक्तीने संबंधित व्यवसायाचे नावही ऐकलेले नसते. तिने एका बटणाने ‘अनाहूत’ असा शेरा मारला की, त्याचा परिणाम ज्यांना पत्र हवे आहे त्यांच्यावरही होतो. पाठवणाऱ्याची पत घसरते आणि त्याची सर्वच पत्रे हळूहळू टपालपेटीऐवजी कचरापेटीत पडू लागतात.

सदस्य कोठून मिळवावेत?

रुआबांधा भागातील एखाद्या लहान व्यवसायाचे उदाहरण घेतल्यास पहिले शंभर सदस्य पुढील ठिकाणी मिळू शकतात.

विक्रीचा क्षण : पैसे देताना किंवा पावती घेताना ग्राहक समोर असतो. त्याच वेळी वार्तापत्राविषयी सांगून त्याचा पत्ता विचारता येतो. गल्ल्याजवळ एक वही किंवा मोबाईलने टिपता येईल असा क्यूआर कोड पुरेसा असतो. वहीतील अक्षर नीट न लागल्याने पत्ते चुकतात, म्हणून ग्राहकाने स्वतः मोबाईलवर पत्ता भरणे अधिक सुरक्षित ठरते.

नेमके आश्वासन : ‘आमचे वार्तापत्र घ्या’ या वाक्याने कोणी सदस्य होत नाही. ‘दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहावीच्या गणिताचे पाच सोडवलेले प्रश्न’ किंवा ‘सणाच्या तीन आठवडे आधी फराळाची दरसूची आणि मागणीची शेवटची तारीख’ असे सांगितल्यास काय मिळणार, ते ग्राहकाला कळते. आश्वासन जितके नेमके, तितका निर्णय सोपा.

सदस्यांकडून सदस्य : उपयुक्त पत्र वाचक स्वतःच पुढे पाठवतो. अशा वेळी ते ज्याच्या हाती पडते, त्याला सदस्य होण्याचा मार्ग त्याच पत्राच्या तळाशी दिसला पाहिजे. भिलाई सोडून गेलेल्या नातेवाइकांपर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

शेजारचे व्यवसाय : शिकवणी वर्ग आणि पुस्तकांचे दुकान यांचे ग्राहक बहुधा एकच असतात. दोघांनी आपापल्या पत्रांत एकमेकांची ओळख करून द्यावी. मात्र पत्त्यांची यादी एकमेकांना देऊ नये. ग्राहकाने संमती एकाला दिलेली असते, ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

प्रत्येक नव्या सदस्याला खातरजमेचे पत्र पाठवून त्यातील दुव्यावर टिचकी मारल्यावरच त्याचे नाव पक्के करण्याची पद्धत आहे. तिला दुहेरी संमती म्हणतात. तिच्यामुळे काही जण मध्येच गळतात आणि यादी लहान राहते. त्याच्या मोबदल्यात चुकीचे पत्ते, दुसऱ्याच्या नावे केलेली नोंदणी आणि नंतरच्या तक्रारी टळतात.

भाषेचा प्रश्न

बहुभाषक शहरात पत्र कोणत्या भाषेत पाठवावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्वांसाठी एकच हिंदी पत्र पाठवणे सोयीचे असते. परंतु नोंदणी करतानाच भाषा निवडण्याची मुभा दिली, तर मराठी कुटुंबाला संक्रांतीच्या तिळगुळाची आणि बंगाली कुटुंबाला पौषातील पिठ्याची माहिती त्यांच्या भाषेत देता येते. दोन भाषांतील पत्रे नियमितपणे लिहिणे शक्य नसेल, तर एकच भाषा नीट वापरावी. घाईने केलेला अनुवाद वाचकाच्या लगेच लक्षात येतो आणि त्याला आपलेपणाऐवजी दुरावा जाणवतो.

नियमितपणा

सदस्य झाल्यानंतर पहिले पत्र लगेच पोहोचले पाहिजे. दोन महिन्यांनी आलेल्या पत्राचा पाठवणारा कोण, हेच ग्राहक विसरलेला असतो. पहिल्या पत्रात व्यवसायाची ओळख, पत्र कोणत्या दिवशी येईल ती माहिती आणि नको असल्यास नाव काढण्याचा मार्ग, या तीन गोष्टी असाव्यात.

दर आठवड्याला पत्र पाठवण्याचा संकल्प करून महिनाभरात थांबण्यापेक्षा महिन्यातून एकदाच, पण न चुकता पाठवलेले पत्र अधिक परिणामकारक ठरते. मासिकांच्या काळात अंक उशिरा निघाला की वर्गणीदार नाराज होत, कारण त्यांनी पैसे भरलेले असत. ई-वार्तापत्राचा वाचक नाराजी कळवत नाही. तो केवळ पत्र उघडणे बंद करतो.

तांत्रिक अटी

आरंभी अनेक जण आपल्या नेहमीच्या जीमेल खात्यावरून सर्वांना एकत्र पत्र पाठवतात. वैयक्तिक जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्रे पाठवता येतात. शिवाय सर्वांचे पत्ते चुकून एकमेकांना दिसण्याचा धोका असतो. यादी वाढू लागल्यावर व्यवसायाच्या नावाचा स्वतंत्र डोमेन पत्ता घेणे आणि वार्तापत्र वितरणाची एखादी सेवा वापरणे आवश्यक ठरते.

गुगल आणि याहू या कंपन्यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पत्र पाठवणाऱ्यांसाठी नवे नियम लागू केले. पत्र खरोखरच त्या नावाच्या डोमेनवरून आले आहे, याची खात्री पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या व्यवस्थांपैकी किमान एक व्यवस्था जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे असावी लागते. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या दोन्ही व्यवस्था, त्याखेरीज डीमार्क ही तिसरी व्यवस्था आणि एका टिचकीने नाव काढण्याची सोय बंधनकारक आहे. वितरण सेवा या नोंदी कशा कराव्यात, याचे मार्गदर्शन करतात. हे काम एकदाच करायचे असते.

अनाहूत असा शेरा मिळण्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावे आणि ते ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ नये, असे गुगलने म्हटले आहे. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी ही धोक्याची पातळी आहे. दोनशे सदस्यांच्या यादीत तर एका तक्रारीनेही हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर जाते. मोठ्या कंपनीपेक्षा लहान व्यावसायिकानेच या बाबतीत अधिक जपून पावले टाकणे इष्ट आहे.

वाढीचा हिशेब

सदस्यसंख्या ही पाण्याच्या टाकीसारखी असते. वरून किती पाणी येते याबरोबरच खालून किती गळते, यावर तिची पातळी ठरते.

समजा, एखाद्या यादीत २०० सदस्य आहेत, दरमहा २० नवे सदस्य मिळतात आणि दरमहा २ टक्के सदस्य गळतात. वर्षअखेर ही संख्या सुमारे ३७२ होईल. पुढे कितीही वर्षे याच गतीने काम चालू ठेवले, तरी ती १,००० च्या वर जाणार नाही, कारण त्या टप्प्यावर दरमहा गळणारे २ टक्के सदस्य म्हणजेच २० जण असतील. गळतीचे प्रमाण ४ टक्के झाले, तर वर्षअखेरची संख्या ३१६ च्या आसपास राहील आणि अंतिम मर्यादा ५०० वर येईल.

या गणिताचा अर्थ सोपा आहे. गळती निम्म्यावर आणणे हे नवे सदस्य दुप्पट करण्याइतकेच मोलाचे आहे. नवे सदस्य मिळवण्यासाठी बहुधा पैसा लागतो. गळती रोखण्यासाठी वाचण्याजोगे पत्र लागते.

किती जणांनी पत्र उघडले, या आकड्यावर आता पूर्वीइतका विसंबून राहता येत नाही. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ पासून आपल्या ई-मेल सुविधेत खासगीपणाचे जे संरक्षण दिले आहे, त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्याची नोंद होऊ शकते. उत्तरादाखल आलेली पत्रे, दुव्यावर मारलेल्या टिचक्या आणि वार्तापत्रातून नोंदवलेली मागणी हे अधिक खात्रीचे निकष आहेत. सहा महिने किंवा वर्षभर कोणताही प्रतिसाद नसलेल्या सदस्याला ‘पत्र पुढे हवे आहे का’ असे विचारून, उत्तर न आल्यास त्याचे नाव काढून टाकावे. यामुळे आकडा घटतो, पण यादीची पत वाढते.

कायदेशीर बाजू

भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतील, अशी रचना करण्यात आली आहे. ग्राहकाचा ई-मेल पत्ता ही वैयक्तिक माहिती आहे. कागदी वहीत लिहून नंतर संगणकात भरलेली माहितीही या कायद्याच्या कक्षेत येते.

माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जात आहे, हे ग्राहकाला सांगणे आणि त्याची स्पष्ट संमती घेणे, ही या कायद्याची मुख्य अपेक्षा आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. हिंदी, मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळम आणि ओडिया या भाषा त्या अनुसूचीत आहेत. छत्तीसगढीचा मात्र तिच्यात समावेश नाही.

किती सदस्य पुरेसे?

लहान व्यवसायाला लाखो सदस्यांची गरज नसते. महिन्याला ४० जणांची मागणी पुरवू शकणाऱ्या घरगुती व्यवसायासाठी मनापासून वाचणारे ३०० सदस्य पुरेसे ठरू शकतात. त्यापलीकडे वाढलेली यादी पूर्ण न होऊ शकणाऱ्या मागण्या आणि त्यातून निर्माण होणारी नाराजी घेऊन येते. आपली क्षमता ओळखून सदस्यसंख्येचे उद्दिष्ट ठरवणे, हा नियोजनाचाच भाग आहे.

वर्गणीदार हा शब्द मराठीत वर्गणी भरणाऱ्यासाठी रूढ झाला. ई-वार्तापत्राचा सदस्य पैसे भरत नाही. तो आपला पत्ता, आपला वेळ आणि आपला विश्वास देतो. वर्गणी संपली की जुन्या वाचकाकडे व्ही. पी. जात असे आणि तो ती सोडवून घेई किंवा परत पाठवी. नव्या वाचकापुढे हा निर्णय प्रत्येक पत्रागणिक येतो. ते पत्र त्याने उघडावे, यासाठी त्यात त्याच्या उपयोगाचे काही असले पाहिजे. सदस्यवाढीचे बाकी सर्व उपाय त्यानंतरच कामी येतात.